विद्यापीठाचे पहिले पदवीधर : कै. डॉ. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर

प्रतिवर्षी आपल्या मंडळाच्या स्नेहसंमेलनात परीक्षांत सुयश मिळविलेल्या विद्यार्थी-विद्यार्थिनींचा गुणगौरव होतो. व्यासपीठावरून नावे पुकारली जातात, पुष्पगुच्छ व पारितोषिके दिली जातात, आणि सभागृहात बसलेल्या आईबापांचे डोळे कृतार्थतेने भरून येतात. पदवीधर हा शब्द आज आपल्या घराघरांत इतका रुळला आहे की, त्याचे नवल कोणास वाटत नाही. परंतु एके काळी उभ्या मुंबई इलाख्यात बी. ए. झालेले अवघे चार गृहस्थ होते आणि त्या चौघांपैकी एक आपल्या मालवणात जन्मास आलेला होता, याची आठवण तरुण पिढीस करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते. कै. डॉ. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर हेच ते थोर पुरुष होत. २४ ऑगस्ट १९२५ रोजी ते निवर्तले. २०२५ साली त्या घटनेस १०० वर्षे पुरी झाली. त्या निमित्ताने त्यांचे अल्पचरित्र वाचकांच्या सेवेस सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

डॉ. भांडारकरांच्या पांडित्याचे मूल्यमापन हे त्या त्या विषयांतील अधिकारी पुरुषांचे काम. आमचा हेतू मर्यादित आहे. ज्या विद्यापीठाने आपणांस घडविले, ज्या सहाध्यायांच्या संगतीत आपण वाढलो आणि ज्या समाजात आपण जन्मलो, त्या तिघांचे ऋण सुशिक्षित मनुष्याने कसे फेडावे, एवढेच त्यांच्या चरित्रातून पाहावे, असे आमच्या मनात आहे.

जन्म व विद्याभ्यास

रामकृष्णपंतांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे एका सामान्य स्थितीतील सारस्वत कुटुंबात झाला. मालवण त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. समोर शिवछत्रपतींचा जलदुर्ग, पाठीशी माडांच्या राया आणि बंदरात गलबतांची ये-जा, असे हे गाव. वडील गोपाळराव सरकारी कचेरीत कारकून होते. कारकुनाच्या मिळकतीत मुलांस इंग्रजी शिक्षण देणे ही गोष्ट तेव्हा सोपी नव्हती. सुदैवाने गोपाळरावांची बदली रत्नागिरीस झाली, तेथे इंग्रजी शाळा होती, आणि त्यामुळे या कुशाग्र मुलास विद्येचा दरवाजा उघडला. एका सामान्य बदलीने एका मुलाचे, आणि त्याच्याबरोबर महाराष्ट्रातील संस्कृत अध्ययनाचे, भवितव्य पालटले असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

रत्नागिरीचा अभ्यासक्रम संपवून १८५३ साली ते मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. त्या दिवसांत कोकणातून मुंबई गाठावयाची म्हणजे समुद्राचाच मार्ग. कोकण रेल्वे पूर्ण होण्यास पुढे १९९८ साल उजाडावे लागले. मुंबईत त्यांना दादाभाई नौरोजींसारखे गुरू लाभले. दादाभाई गणित शिकवीत, आणि रामकृष्णपंतांची गणितातील गती उत्तम होती. पुढे जगाने ज्यांस संस्कृत विद्येचे आचार्य म्हणून वंदिले, त्यांनी संस्कृताचा खोल अभ्यास केला तो मात्र इंग्रजी शिक्षण बरेचसे झाल्यानंतर. शिक्षणखात्याचे प्रमुख हॉवर्डसाहेब यांच्या सूचनेवरून ते या विषयाकडे वळले आणि पुण्यात जुन्या परंपरेतील शास्त्रीमंडळींपाशी बसून त्यांनी व्याकरण-न्यायादी शास्त्रे आत्मसात केली. नव्या पद्धतीची चिकित्सा आणि जुन्या परंपरेची सखोलता यांचा जो मिलाफ त्यांच्या लेखनात पुढे दिसला, त्याचे मूळ या दुहेरी शिक्षणात आहे.

१८६२ ची चौकडी

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. आज फोर्ट भागात दिसणारी भव्य वास्तू तेव्हा नव्हती. पदवीदान सभागृह १८७४ साली आणि शेठ प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई मनोरा १८७८ साली पुरा झाला. विद्यापीठ म्हणजे तेव्हा एक कायदा, काही परीक्षा आणि मूठभर विद्यार्थी. अशा त्या नवजात संस्थेची बी. ए. ची पदवी १८६२ साली प्रथम चौघांनी मिळविली. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे ते चौघे. पुढल्याच वर्षी भांडारकर एम. ए. झाले.

या चौघांची पुढील हकीकत आम्हांस फार उद्बोधक वाटते. रानडे न्यायासनावर चढले, वागळे वकिलीत गेले, मोडकांनी एल्फिन्स्टन हायस्कूलचे मुख्याध्यापकपद भूषविले, आणि भांडारकर प्राध्यापक झाले. व्यवसाय निरनिराळे, स्वभावही निरनिराळे. परंतु विद्यार्थिदशेत जुळलेला स्नेह परीक्षेच्या निकालाबरोबर संपला नाही. चौघेही प्रार्थना समाजाच्या कार्यात एकत्र आले. १८८४ साली पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढण्याचा उद्योग सुरू झाला, तेव्हा रानडे, भांडारकर व मोडक हे तिघे सहाध्यायी त्यात अग्रभागी होते. मुलींस अक्षरओळख झाली तरी पुष्कळ झाले, असे मानणाऱ्या काळात त्यांना हायस्कुलाचे शिक्षण देऊ पाहणे म्हणजे लोकापवाद ओढवून घेणेच होते. तीच शाळा पुढे हुजूरपागा या नावाने सर्वश्रुत झाली. २२ वर्षांपूर्वी एका वर्गात बसलेले तीन मित्र पुन्हा भेटले, ते कॉलेजातील गमतीजमती आठवण्यासाठी नव्हे, तर आपणांस जे मिळाले ते आपल्या मुलीबाळींस मिळावे यासाठी. माजी विद्यार्थ्यांचे संमेलन कसे असावे, याचा याहून चांगला दाखला आम्हांस तरी ठाऊक नाही.

अध्यापन व संशोधन

एम. ए. झाल्यावर भांडारकरांनी प्रथम सिंधमधील हैदराबाद येथे व नंतर रत्नागिरीस हायस्कुलाचे मुख्याध्यापक म्हणून काम केले. ज्या रत्नागिरीत ते विद्यार्थी होते, तेथेच मुख्याध्यापक म्हणून परत येण्याचा योग त्यांना लाभला. शिकविताना त्यांस एक अडचण जाणवली. संस्कृत शिकू इच्छिणाऱ्या मुलास सोपान असा कोठे नव्हता. एकदम व्याकरणाच्या अरण्यात शिरावे लागे. ती अडचण दूर करण्यासाठी त्यांनी मार्गोपदेशिका आणि तिच्या पाठोपाठ संस्कृतमन्दिरान्तःप्रवेशिका ही पाठ्यपुस्तके रचली. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी संस्कृताचा श्रीगणेशा याच पुस्तकांवर केला असेल.

१८६९ साली ते मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृताचे हंगामी प्राध्यापक झाले. काही वर्षे त्यांनी ते काम उत्कृष्टपणे केले. परंतु जागा कायम भरण्याची वेळ आली तेव्हा ती विलायतेहून आलेल्या पीटर पीटर्सन यांस मिळाली आणि भांडारकरांस त्यांच्या हाताखाली दुय्यम स्थान पत्करावे लागले. गोऱ्या कातडीस अग्रमान देणाऱ्या राज्यात हा अन्याय नवीन नव्हता. मानी मनुष्य अशा प्रसंगी नोकरी सोडतो किंवा कडवट होतो. भांडारकरांनी दोन्ही केले नाही. त्यांनी आपल्या लेखणीने उत्तर दिले. १८७४ साली लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेसाठी नाशिकच्या शिलालेखांवरील त्यांचा निबंध गेला आणि युरोपातील पंडितांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले. १८७६ साली भवभूतीच्या मालतीमाधव नाटकाची त्यांची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध झाली. विद्यापीठाच्या विल्सन व्याख्यानमालेचे व्याख्याते म्हणून १८७७ साली त्यांनी संस्कृत व तिच्यापासून निघालेल्या भाषांचा इतिहास मांडला. अखेर १८८२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृताचे प्राध्यापकपद त्यांच्याकडे आले, आणि १८९३ पर्यंत त्यांनी ते भूषविले.

या काळात त्यांनी केलेले एक कार्य सामान्य वाचकांच्या दृष्टीआड राहते. जुन्या घराण्यांत, मठांत व जैन भांडारांत हस्तलिखित पोथ्या कसरीच्या व वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडत होत्या. सरकारतर्फे त्यांचा शोध घेऊन संग्रह करण्याचे काम भांडारकर व पीटर्सन या दोघांकडेही होते. ज्यांच्यामुळे आपला हक्क डावलला गेला त्यांच्याच जोडीने त्यांनी वर्षानुवर्षे हे विद्याकार्य केले. पोथ्यांच्या शोधाचे त्यांचे अहवाल हे संशोधकांचे आजही आधारग्रंथ आहेत. १८८४ साली दख्खनचा प्राचीन इतिहास हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शिलालेख, ताम्रपट, नाणी आणि ग्रंथ यांचा पडताळा घेऊन, आख्यायिकेस आख्यायिका व पुराव्यास पुरावा म्हणून, सातवाहन, चालुक्य, राष्ट्रकूट व यादव यांची संगतवार हकीकत त्यांनी लिहिली. १९१३ साली, वयाच्या पंचाहत्तरीनंतर, वैष्णव व शैव पंथांच्या इतिहासावरील त्यांचा ग्रंथ जर्मन पंडितांच्या मालेत प्रसिद्ध झाला. १८८५ साली जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठाने त्यांना पीएच. डी. ही सन्मानाची पदवी दिली होती, आणि १८८६ साली व्हिएन्ना येथील प्राच्यविद्या परिषदेस ते स्वतः उपस्थित राहिले. समुद्रपर्यटन हे पातक मानले जाण्याचा तो काळ होता, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

विद्यापीठाचे कुलगुरू

१ सप्टेंबर १८९३ रोजी न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग यांचे अकाली निधन झाले. मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू होण्याचा मान तेलंगांचा. त्यांच्या मागे त्या पदावर डॉ. भांडारकरांची नेमणूक झाली आणि हायकोर्टातील तेलंगांच्या जागी रानडे आले. ज्या विद्यापीठाने १८६२ साली आपल्या पहिल्या चार पुत्रांस पदवी दिली, त्याची धुरा ३१ वर्षांनी त्याच चौघांपैकी एकाच्या खांद्यावर आली. पदवी स्वीकारणारा विद्यार्थी आता पदवी घेणाऱ्यांस उपदेश करण्यासाठी उभा राहिला. १८९५ पर्यंत त्यांनी हे पद सांभाळले. त्यानंतर विधिमंडळांचे सभासदत्व, मुंबई विद्यापीठाची एलएल. डी. ही पदवी आणि १९११ साली सर हा किताब, असे मानसन्मान त्यांच्याकडे चालत आले. त्यांचा विस्तार आम्ही करीत नाही. कारण मोठेपणाची खरी कसोटी मानाच्या प्रसंगी लागत नसते.

ज्ञाती आणि सत्यनिष्ठा

ती कसोटी १८९१ साली लागली. त्या वर्षी संमतिवयाच्या विधेयकावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. विवाहित मुलींच्या संमतीचे वय १० वरून १२ वर नेण्याचे ते विधेयक होते. ते धर्मशास्त्राविरुद्ध आहे असे म्हणणाऱ्यांस भांडारकरांनी धर्मग्रंथांचेच आधार काढून उत्तर दिले. परंतु ग्रंथांतून सुधारणा सिद्ध करणे निराळे आणि आपल्या उंबरठ्याच्या आत ती आणणे निराळे. त्याच वर्षी त्यांनी आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह केला. ज्ञातीतील सनातनी मंडळींचा तीव्र रोष त्यांना सहन करावा लागला. त्या काळी जातीचा रोष म्हणजे केवळ कुजबूज नव्हे. पंक्तिव्यवहार, लग्नकार्य, पुरोहित, शेजारधर्म या सर्वांवर त्याचे सावट पडे. विद्वान म्हणून युरोपभर मान्यता पावलेल्या ५३ वर्षांच्या गृहस्थास हे सारे टाळता आले असते. व्याख्यानात पुरोगामी आणि घरात परंपरानिष्ठ असे जगणारे पुष्कळ होते. भांडारकरांनी मुलीचे सुख व आपली सत्यनिष्ठा यांच्यापुढे लोकमान्यतेचा हिशेब केला नाही.

तारुण्यात ते जातिभेदाचे बंधन झुगारणाऱ्या परमहंस सभेत होते. उतारवयात, १९१२ साली, अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांच्या उन्नतीसाठी पुण्यात परिषद भरली, तेव्हा तिचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत या बाबतीत त्यांचे पाऊल एकाच दिशेने पडत गेले.

वाचकहो, हा भाग आम्ही मुद्दाम थोडा विस्ताराने लिहिला. ज्ञातीच्या वार्षिक अंकात आपल्या थोर पुरुषांची नावे अभिमानाने छापण्याची प्रथा आहे, आणि ती योग्यही आहे. परंतु ज्या पुरुषाचा आज आपण अभिमान बाळगतो, त्याच्यावर एके काळी ज्ञातीतीलच लोकांनी डोळे वटारले होते, हे विसरून बाळगलेला अभिमान अपुरा होय. भांडारकर मोठे झाले ते ज्ञातीने मोठे केले म्हणून नव्हे. प्रसंगी ज्ञातीच्या विरोधात एकटे उभे राहण्याचे धैर्य त्यांच्यात होते म्हणून. त्यांचे नाव आपण सांगावयाचे असेल, तर आज आपल्यात कोणी सत्यासाठी एकटा उभा राहील तेव्हा त्याच्याशी आपण कसे वागतो, हेही तपासले पाहिजे.

शिष्यांनी वाहिलेली गुरुदक्षिणा

आता त्यांच्या आयुष्यातील अत्यंत रम्य प्रसंगाकडे वळू. ६ जुलै १९१७ रोजी डॉ. भांडारकरांस ८० वर्षे पुरी झाली. त्यांचे शिष्य, शिष्यांचे शिष्य व चाहते यांनी हा दिवस साजरा करण्याचे ठरविले. हार, नारळ, शाल व मानपत्र एवढ्यावर समारंभ भागला असता. परंतु डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर, डॉ. पांडुरंग दामोदर गुणे आदी तरुण विद्वानांच्या मनात काही निराळे होते. गुरूच्या नावाने प्राच्यविद्येच्या संशोधनाची एक कायम संस्था पुण्यात उभारावी, अशी त्यांची योजना होती. टाटा बंधूंसारख्या दात्यांनी द्रव्यसाहाय्य केले, आणि त्या दिवशी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे उद्घाटन झाले. देशोदेशींच्या पंडितांच्या निबंधांचा गौरवग्रंथही गुरुचरणी अर्पण करण्यात आला.

गुरूनेही शिष्यांच्या ओंजळीत आपली ओंजळ रिती केली. जन्मभर जमविलेला आपला ग्रंथसंग्रह त्यांनी संस्थेस देऊन टाकला. विद्वानास पुस्तके ही जिवाहून प्रिय. ती हयातीतच देऊन टाकणे हा लहान त्याग नव्हे. पुढे सरकारी संग्रहातील हजारो हस्तलिखितेही, ज्यांपैकी कित्येक त्यांनी स्वतः शोधून आणली होती, डेक्कन कॉलेजातून या मंदिरात आली. नोव्हेंबर १९१९ मध्ये अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे पहिले अधिवेशन येथेच भरले आणि त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले.

लावलेल्या रोपाचा वृक्ष झाला. महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याचा संकल्प १९१९ साली सोडण्यात आला. १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी त्या कार्यास शास्त्रशुद्ध वळण दिले, आणि १२५९ हस्तलिखितांचा उपयोग करून सिद्ध झालेली ही आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. भारतरत्न महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास याच संस्थेने प्रसिद्ध केला. तेथील ऋग्वेदाच्या हस्तलिखितांचा समावेश २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसूचीत झाला. एका वाढदिवसाच्या समारंभातून एवढे निष्पन्न झाले.

माजी विद्यार्थी मनात आणतील तर काय करू शकतात, याचे दुसरे उदाहरण भांडारकरांच्याच कॉलेजाने घालून दिले. १९३४ साली सरकारने डेक्कन कॉलेज बंद केले. तेव्हा त्याचे माजी विद्यार्थी स्वस्थ बसले नाहीत. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांसारख्या कायदेपंडिताने पुढाकार घेतला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी ते कॉलेज पदव्युत्तर संशोधनाची संस्था म्हणून पुन्हा उघडले. हे पाहण्यास भांडारकर हयात नव्हते. परंतु ज्या कृतज्ञतेचा धडा १९१७ साली गिरविला गेला, तोच येथे पुन्हा दिसला.

उपसंहार

१९२५ साली भाद्रपद शुद्ध पंचमीस पुण्यात डॉ. भांडारकरांनी देह ठेवला. ज्या दिवशी आपल्या घरांतील बायामाणसे ऋषींचे स्मरण करतात, त्याच ऋषिपंचमीस या ज्ञानर्षीने जगाचा निरोप घ्यावा, हा योगायोग अनेकांच्या मनास चटका लावून गेला असेल. त्यांचे पुत्र देवदत्तपंत यांनी पुराणवस्तुसंशोधनात व कलकत्ता विद्यापीठातील अध्यापनात पित्याचा वारसा उज्ज्वल केला.

या चरित्राचा बोध काय, असे कोणी विचारील तर आम्ही इतकेच सांगू. पदवी हा मनुष्याच्या कर्तृत्वाचा आरंभ आहे, कळस नव्हे. १८६२ च्या चौघांनी पदवीचा उपयोग आपल्या चरितार्थासाठी केलाच; पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी शाळा काढल्या, ग्रंथ लिहिले, रूढीशी झगडले आणि परस्परांचा हात सोडला नाही. आपल्या मंडळाच्या संमेलनात ज्यांचा गौरव होतो, त्या मुलामुलींपैकी कित्येक मुंबई-पुण्यास, कित्येक परदेशी जातील. त्यांनी जावे, मोठे व्हावे. पण ज्या शाळेने अक्षरे शिकविली तिच्या ग्रंथालयात चार पुस्तके कमी असतील, तर ती भरून काढण्याची आठवण त्यांनी ठेवावी; आपल्यामागून येणाऱ्या एखाद्या कारकुनाच्या, खलाशाच्या वा शेतकऱ्याच्या मुलास, मग तो कोणत्याही जातीचा असो, फीसाठी शिक्षण सोडण्याची पाळी येऊ देऊ नये. मालवणच्या एका गरीब मुलास कोणी तरी वाट दाखविली म्हणून भांडारकर निर्माण झाले. अशी मुले आजही आपल्या किनाऱ्यावरच्या वाड्यावाड्यांतून आहेत. त्यांच्यासाठी आपल्या मंडळाकडून व सभासद कुटुंबांकडून यथाशक्ती काही घडो, आणि भांडारकरांचे पुण्यस्मरण केवळ या अंकाच्या पानांपुरते न राहो, अशी इच्छा प्रकट करून हा लेख आम्ही पुरा करतो.